भिंतीवरचे सुभेदार



पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात, की तळेगाव जातं, वडगाव जातं, कान्हे जातं आणि मग येतं आमचं कामशेत. स्टेशन छोटंसंच. पण नाव काढलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे ते पॅराग्लायडिंगचं का?" खरंच, हिवाळ्यात इथल्या डोंगरांवर रंगीबेरंगी छत्र्या पतंगांसारख्या तरंगत असतात. कुणी बेडशाची लेणी बघायला इथे उतरतं, कुणी पवना धरणाकडे जातं. लोहगड आणि विसापूर तर शेजारी शेजारी उभेच असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत.

पण आज मी तुम्हांला किल्ला दाखवणार नाही, की लेणी दाखवणार नाही. आज आपण बघायला जायचं आहे एक फोटो! वीतभर उंचीचा, कडा पिवळ्या पडलेला, काळ्या लाकडी चौकटीतला. त्या एका फोटोनं आम्हांला कामशेतहून पार इराकपर्यंत नेऊन आणलं. कसं, ते सांगते.

मी कामशेतजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज, मावळे, गडकोट, हे सगळं आहेच. ते शिकवता शिकवता एकदा मी मुलांना म्हटलं, "मावळे काय फक्त पुस्तकात होते? तुमच्या-आमच्या घरातही इतिहास असतो. तुमच्या घरात जुना फोटो असेल, तर बघा बरं. मूळ फोटो मात्र आणायचा नाही. मोठ्यांना सांगून मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या आणि तो दाखवा."

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं ऐटीत सांगितलं, "बाई, आमचे पणजोबा मिलिटरीत होते!" फोटोत बंद गळ्याचा कोट, पितळी बटणं, डोक्यावर टोपी. अगदी रुबाबदार! आम्ही चित्र मोठं करून टोपीवरचा बिल्ला बघितला. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती, जी. आय. पी.

"म्हणजे कुठली पलटण, बाई?"

तेवढ्यात शाळेमागून लोकल भोंगा देत गेली. मी म्हटलं, "ही पलटण!" जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. याच कंपनीनं खंडाळा ते पुणे हा रेल्वेरस्ता बांधला. तो १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातला रस्ता पुरा झाला. पुढे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. म्हणजे हा फोटो त्याआधीचा असणार.

त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. मी तिला म्हटलं, "अगं, लढाईला निघालेली पलटणसुद्धा गाडीनंच जायची. रेल्वेच्या माणसानं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ती जागची हलली असती का?" मग स्वारी जरा खुलली.

दुसऱ्या एका मुलाच्या फोटोत टोपीच्या बिल्ल्यावर एक उंच खांब होता. हा खांब म्हणजे भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८ ला तिथे लढाई झाली, तिची ती खूण. हा बिल्ला होता महार रेजिमेंटचा. इंग्रज सरकारनं १८९२ च्या सुमारास महार समाजाची सैन्यभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तीही मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. १९४६ साली ती मशीनगन चालवणारी रेजिमेंट झाली, तेव्हा बिल्ल्यावर खांबाबरोबर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन मशीनगनही आल्या. या फोटोत खांब होता, मशीनगन नव्हत्या. मग फोटो कधीचा? मुलांनी लगेच हात वर केले, "१९४१ ते १९४६!"

बघा, एका नखाएवढ्या बिल्ल्यानं साल सांगितलं! त्या दिवशी फळ्यावर आम्ही पहिला नियम लिहिला : वर्दी दिसली म्हणजे मिलिटरी असं समजायचं नाही. आधी बिल्ला बघायचा.

आणि मग एका चुणचुणीत मुलानं मलाच विचारलं, "बाई, तुमच्या घरी आहे का असा फोटो?"

"आहे तर!" मी म्हटलं. खरं सांगू? मला या प्रश्नाची वाटच होती. माझ्या माहेरच्या घराला गावात 'सुभेदाराचं घर' म्हणतात. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, सुभेदार होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. येत्या २६ जानेवारीला गावातल्या माजी सैनिकांच्या नावांचा फलक लागणार होता. त्यासाठी माझ्या पणजोबांचं नाव मीच कागदावर लिहून दिलं होतं. हुद्द्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'सुभेदार'!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. मुलं, मी, आणखी एक शिक्षक आणि एक मोठं भिंग. इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की नाणे मावळ लागतं. भाताची कापणी कधीच होऊन गेली होती. खाचरांत कुठे हरभरा, कुठे वाल. रस्त्याला धूळ अशी, की मुलांचे बूट दहा मिनिटांत एकाच रंगाचे झाले. मी म्हटलं, "बघा, तुमच्या बुटांनी खाकी वर्दी घातली!" फारसी भाषेत खाक म्हणजे माती, धूळ. त्यावरून खाकी. मातीच्या रंगाचा कपडा घातला की शिपाई मातीत दिसून येत नाही.

आजी ओसरीवर वाट बघत बसली होती. माझी आजी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. फोटोतले पणजोबा म्हणजे तिचे सासरे. ती त्यांना मामंजी म्हणते. लग्न होऊन या घरी आली तेव्हा मामंजी चांगले हिंडते-फिरते होते. म्हणजे ज्यांनी त्यांना डोळ्यांनी बघितलंय, अशी आमच्या घरात आता ती एकटीच.

फोटो भिंतीवरून उतरवला. वरचा चंदनाचा हार बाजूला ठेवला. मुलं म्हणाली, "बाई, काच काढू या?" मी म्हटलं, "मुळीच नाही!" जुना फोटो काचेला चिकटलेला असला, तर काच ओढताना चेहराच निघून येतो. आम्ही ओल्या फडक्यानंही पुसलं नाही. कोरड्या मऊ कापडानं काच पुसली आणि भिंग लावलं. आता तुम्हीही आमच्याबरोबर बघा हं, डोक्यापासून पायांपर्यंत.

डोक्याला फेटा. त्याचा शेमला उजव्या खांद्यावर आलेला. कपाळावर काळा टिळा. एक मुलगी म्हणाली, "बुक्का लावलाय!" असेलही. पण गंमत सांगते. त्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग समजत नसे. लाल वस्तू फोटोत काळी यायची, आणि निळी वस्तू फिकट. म्हणजे तो बुक्का असेल, नाही तर घरातून निघताना आईनं लावलेलं लाल कुंकूही असेल! फोटो तेवढं सांगत नाही. तुमच्या घरातला पणजी-आजीचा जुना फोटो बघा. कुंकू काळंच दिसेल.

अंगात गुडघ्याकडे उतरणारा लांब खाकी कोट, कुडत्यासारखा. पहिल्या महायुद्धातले आपले कितीतरी शिपाई असे लांब कोट घालत. दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोंत बहुधा आखूड सदरा आणि हाफ पँट दिसते.

पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या. आपला पट्टी हाच शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्या पट्ट्यांना 'पटी' म्हणू लागले. या पट्टीतही एक खूण आहे बरं का! पायदळातला शिपाई ती खालून वर गुंडाळायचा, म्हणजे तिची नाडी गुडघ्याखाली बांधली जायची. घोडेस्वार वरून खाली गुंडाळायचा, त्याची नाडी घोट्याशी यायची. आमच्या फोटोत नाडी कुठे? "गुडघ्याखाली!" मुलं ओरडली. म्हणजे पायदळ.

मागे मोठमोठे खांब, कमानी, फुलांच्या कुंड्या. लहानपणी मला वाटायचं, पणजोबा राजवाड्यात उभे आहेत! भिंगातून बघितलं तर राजवाड्याच्या तळाला सुरकुती पडलेली. तो होता स्टुडिओतला रंगवलेला पडदा. मुलं हसून हसून लोळायची बाकी राहिली. हातातली वेताची छडी मला फार रुबाबाची वाटायची. पण छड्या, खुर्च्या, कुंड्या असलं सामान स्टुडिओवाल्याकडेच असायचं. म्हणून पडद्यावरून आणि छडीवरून माणसाचा हुद्दा ठरवायचा नाही. हा झाला दुसरा नियम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खांदा. डाव्या खांद्याच्या पट्टीवर पितळी आकडे चमकत होते. पहिला आकडा एक. दुसरा एक. आणि तिसरा? तिसऱ्यावर नेमका प्रकाश पडून पांढरा ठिपका झाला होता. अकरा आणि पुढे काहीतरी.

पण एवढ्यानंही खूप कळलं. पूर्वी मुंबई इलाख्यातल्या पलटणींना साधे क्रमांक होते, तिसरी, पाचवी, दहावी, सतरावी. १९०३ साली सैन्याची नवी मोजणी झाली, तेव्हा त्या क्रमांकांत शंभर मिळवले. तिसरीची झाली १०३ वी, सतरावीची ११७ वी. मग १९२२ साली मराठ्यांच्या सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि हे मोठे आकडे गेले. म्हणजे खांद्यावर तीन आकडे दिसले, की फोटो १९०३ ते १९२२ मधला. त्या सहा पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. आमच्याकडे सुरुवात एक-एकनं. १०३ आणि १०५ बाद. उरल्या चार.

"आता बाही बघा," मी म्हटलं. बाहीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक फीत असली तर लान्स नायक, दोन असल्या तर नायक, तीन असल्या तर हवालदार. सुभेदार त्याहून वरचा. त्याच्या खांद्यावर हुद्द्याची खूण असते आणि बहुधा कमरेच्या पट्ट्याला जोडलेला, छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा. तो पट्टा ज्यानं काढला, त्या सॅम ब्राऊनचा डावा हात १८५८ साली भारतातल्या लढाईत तुटला होता.

मुलं फोटोवर वाकली. डावी बाही. उजवी बाही. खांदा. छाती.

काहीच नव्हतं. एक फीतसुद्धा नाही.

मघाचा तोच मुलगा हळूच म्हणाला, "बाई, मग सुभेदार कशावरून?"

खरं सांगते मित्रांनो, मला राग आला. त्या पोराचा नाही, कुणाचा ते मलाच कळेना. मी घाईघाईनं म्हटलं, "हा फोटो आधीचा असेल. बढती नंतर मिळाली असेल." तसं होऊ शकतं की! छातीवर एकही पदक नव्हतं. पदकं युद्ध संपल्यावर मिळाली, म्हणजे फोटो त्याआधीचा असणं शक्य होतं. पण 'असेल' म्हणजे 'आहे' नव्हे, हे वर्गात मीच शिकवते ना!

तेवढ्यात देवघरातून एक मुलगी ओरडली, "बाई, इकडे या! ही कोणती देवी?"

आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, भवानीचा आहे, आणि त्यांच्या शेजारी एक गोल, तांबूस, रुपयाहून मोठी चकती आहे. तिच्यावर पंख असलेली एक बाई, हात पसरून उभी. हळदीकुंकवानं माखलेली. मी लहानपणापासून तिला 'पंखांची देवी' म्हणत आले आणि रोज नमस्कार करत आले. तिच्या डोक्यावर एक छोटी कडी आहे, ती कशाला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी ती कडी बघितली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती कडी रिबन ओवायची! हे पदक होतं. पहिल्या महायुद्धाचं विजयपदक.

आणि बरं का, आजीचं काही चुकलं नव्हतं. ती पंखांची बाई म्हणजे जुन्या रोमन लोकांची विजयाची देवताच आहे. रोमची देवी नाणे मावळात येऊन शंभर वर्षं हळदीकुंकू घेत बसली होती!

"आजी, हिच्या काठावर अक्षरं असतात. बघू का?" मी विचारलं.

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बघ. पर कुकू पुसायचं न्हाई."

आम्ही कुंकू पुसलं नाही. चकती नुसती आडवी धरली आणि काठावर उजेड घेतला. या पदकांच्या काठावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पण आमच्याकडे दर दसऱ्याला टाक उजळतात, चिंच आणि राख लावून. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्यानं अर्धा काठ गुळगुळीत झाला होता. पणजोबांचा क्रमांक गेला होता. नावाची पहिली दोन अक्षरं गेली होती. उरलेलं मुलांनी एकेक करून वाचलं. इंग्रजी एस, ई, पी, ओ, वाय. सिपॉय. म्हणजे आपला शिपाई. मग अर्धं नाव. आणि शेवटी स्वच्छ तीन आकडे, एक, एक, सात. ११७ मराठाज.

पलटण सापडली. सुभेदार मात्र हरवले.

आता ११७ वी पलटण कुठे गेली, ते ऐका. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं, तेव्हा पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये ही पलटण होती. मुंबईहून बोटीनं ती फौज निघाली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या टोकाला, फाव इथे उतरली. त्या भागाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. बसरा घेतलं, मग तैग्रिस नदीच्या काठानं वर बगदादच्या दिशेनं कूच केलं. बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली आणि फौजेला माघार घ्यावी लागली. ती कूत या गावात आली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कूतला पक्का वेढा घातला.

वेढा! मावळातल्या मुलांना वेढा म्हणजे काय, ते सांगायला नको. याच मावळात, वडगावला, १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रज फौजेला घेरलं होतं आणि इंग्रजांना तह करावा लागला होता. काळाची गंमत बघा. त्यानंतर १३६ वर्षांनी मराठे शिपाई इंग्रजांच्या फौजेत राहून परक्या मुलखात वेढ्यात अडकले. ११७ वी होती, ११० वी होती आणि १०३ वीही होती.

जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आलं. तोफा ओढणारे घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या कितीतरी शिपायांनी सुरुवातीला ते मांस खायला नकार दिला आणि ते मूठभर पिठावर दिवस काढू लागले. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याच्या गोणी टाकल्या, पण त्या कितीशा पुरणार? २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. उन्हातून, वाळवंटातून त्यांना चालवत नेलं. वाटेत हजारो मेले. उरलेल्या कितीतरी हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. या युद्धातल्या कामगिरीबद्दल ११७ व्या पलटणीला १९२१ साली 'रॉयल' हा किताब मिळाला.

मी हे सांगत होते, तेव्हा आजी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हनून व्हय!"

"काय गं आजी?"

"मामंजी ताटाभवती पडलेलं येक येक शीत येचून खायचे. कुनी ताटात टाकलं, तर रागवायचे न्हाईत, पर उठून जायचे. मला वाटायचं, सोभावच असंल. आनि सासूबाई सांगायच्या, तीन वरसं कागूद न्हाई, तार न्हाई. मामंजींच्या आईनं रोज सांजंला येशीपर्यंत जाऊन वाट बगितली."

मुलं चिडीचूप झाली होती. मी ठरवलं, आता सांगायलाच हवं. मी आजीजवळ बसले आणि म्हटलं, "आजी, या पदकावर सुभेदार नाही लिहिलेलं. शिपाई लिहिलंय."

मला वाटलं, आजीला वाईट वाटेल. आयुष्यभर ती सुभेदाराच्या घरची सून म्हणून वावरली. पण आजी हसली.

"आगं बाय, सुभेदार गावानं केलं त्यास्नी! ते सारखं म्हनायचे, 'आमचं सुभेदार असं बोलायचे, आमचं सुभेदार तसं करायचे.' म्हनून लोकांनी त्येंचंच नाव सुभेदार पाडलं. म्या येकदा इचारलं, तवा म्हनले, 'सूनबाई, आमचं सुभेदार तिकडंच ऱ्हायलं. मी तेवढा माघारी आलो.'"

म्हणजे इतकी वर्षं आमच्या घराला दुसऱ्याच एका माणसाचं नाव होतं! तो कुठला, कुठल्या गावचा, त्याच्या घरी कुणी वाट बघत होतं का, काहीच ठाऊक नाही. पण त्याच्या एका शिपायानं त्याची इतकी आठवण काढली, की एका गावानं ती घराला लावून टाकली.

"अजून एक चांदीचा बिल्ला व्हता, राजाच्या तोंडाचा," आजी म्हणाली. "वन्संच्या लग्नात मोडला आनि जोडवी केली." तोही याच युद्धाचा. चांदीचा म्हणून सोनाराकडे गेला. देवी काशाची, तिला सोनार काय देणार? म्हणून ती राहिली!

निघायच्या आधी आम्ही एक काम केलं. चौकोनी कागदावर मुलांनी तीन रकाने आखले. पहिल्यात लिहिलं, 'नक्की' : ११७ वी मराठा पलटण, शिपाई, पायदळ. दुसऱ्यात 'अंदाज' : कूतच्या वेढ्यात असावेत, कैद झाले असावेत, कारण तीन वर्षं पत्र नव्हतं. तिसऱ्यात 'घरच्यांनी सांगितलेलं' : आजीचे शब्द, जसेच्या तसे, तारीख घालून. तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागे अडकवला. फोटोच्या पाठीवर पेनानं लिहायचं नाही हं! शाई पुढे उमटते.

दुसऱ्या दिवशी मी फलकाचं काम बघणाऱ्यांकडे गेले आणि कागद परत मागितला. हुद्द्याच्या रकान्यातला 'सुभेदार' खोडला आणि 'शिपाई, ११७ वी मराठा पलटण' असं लिहिलं. त्यांनी विचारलं, "असू द्या की बाई, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, "चौथीचा वर्ग येतो ना!"

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आजीला खुर्चीवर बसवून फलकासमोर नेलं. तिला वाचता येत नाही. त्या चुणचुणीत मुलानंच तिला बोट ठेवून वाचून दाखवलं. आजीनं त्या ओळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता बरूबर झालं." घराला मात्र गाव अजून सुभेदाराचं घरच म्हणतं. म्हणू दे. आता आम्हांला माहीत आहे, कोणता सुभेदार ते.

आणि पंखांची देवी? ती देवघरातच आहे. तिला हळदीकुंकू रोज मिळतं. फक्त दसऱ्याला चिंच-राख बंद! आजीनं सगळ्यांना ताकीद दिली आहे, "काठाला कुनी हात लावायचा न्हाई. मामंजींचं नाव हाय तिथं."

तर मित्रांनो, या सुट्टीत तुमच्या घरातला जुना फोटो मोठ्यांना विचारून खाली उतरवा. काच काढू नका, भिंग लावा. डोकं, खांदा, बाही, पाय, सगळं बघा. देवघरात, ट्रंकेत, आजीच्या बटव्यात एखादं पदक असेल, तर ते घासू नका, आधी काठ वाचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाही तर देवळाच्या भिंतीत संगमरवरी दगड बसवलेला असतो. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढेच आकडे त्यावर असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण परत आले नाहीत. त्या गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी पडलं. तुमच्या गावात असा दगड आहे का, बघा.

आणि सगळ्यांत आधी काय करायचं, ठाऊक आहे? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचं. भिंगाला दिसत नाही, ते तिथे ऐकू येतं.